हरला संघ, बदला प्रशिक्षक!

महाविद्यालयाचा फुटबॉल संघ सलग दोन-तीन वर्षे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत गारद झाला, की प्रशिक्षक ठेवावा की बदलावा, हा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविकच आहे. गोंदिया जिल्ह्यात मात्र या प्रश्नाला एक वेगळा संदर्भ आहे. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल २००९ ते २०२२ या काळात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते. देशाच्या संघाचा प्रशिक्षक कोण असावा आणि त्याला किती काळ ठेवावे, याचे निर्णय एवढी वर्षे त्यांच्या अध्यक्षतेखाली होत राहिले. त्या निर्णयांचे आणि त्यांच्यानंतरच्या निर्णयांचे फलित काय, हे पाहिल्यास महाविद्यालयापुरता वाटणारा प्रश्नही बराच उलगडतो.

प्रथम येथील वस्तुस्थिती. अमेरिकेत महाविद्यालयीन संघाच्या प्रशिक्षकाला कोट्यवधी डॉलर मोजून घरी पाठवले जाते. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पेन स्टेट विद्यापीठाने जेम्स फ्रँकलिन यांना असेच दूर केले. (तेथला ‘फुटबॉल’ वेगळा, हे सांगायला नकोच.) आपल्याकडे महाविद्यालयात स्वतंत्र फुटबॉल प्रशिक्षक सहसा नसतोच. असतात ते शारीरिक शिक्षण संचालक. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, मैदानी स्पर्धा आणि फुटबॉल असे सारे त्यांच्या एकट्याच्या गळ्यात असते. जेथे हे पद रिक्त आहे, तेथे तासिका तत्त्वावरील तरुणावर किंवा एखाद्या हौशी माजी खेळाडूवर संघ सोपवला जातो. कायम नोकरीतील संचालकाला पराभवासाठी कोणी हटवत नाही. उचलबांगडी होते ती मानधनावरच्या माणसाची.

त्याच्या हाती असतात तरी किती दिवस? जून-जुलैत प्रवेश प्रक्रिया चालते. पाऊस सुरू झाला की धानाच्या या जिल्ह्यात मैदानांचीही बांधी होते. पाऊस ओसरेपर्यंत विद्यापीठाच्या स्पर्धांचे वेळापत्रक हाती पडते, परीक्षा तोंडावर येतात आणि शेतकरी कुटुंबांतील मुलांना कापणीसाठी गावी जावे लागते. सामना असतो राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या अन्य महाविद्यालयांशी. नागपूर आणि कामठीत फुटबॉलची जुनी परंपरा आहे आणि तेथील मुलांना स्थानिक स्पर्धांतून नियमित सामने मिळतात. गोंदियाचा मुलगा बाद पद्धतीच्या स्पर्धेत नव्वद मिनिटे खेळून हरला, की त्याचे वर्ष तेथेच संपते. एका सामन्यावरून प्रशिक्षकाची पारख करणे हा न्याय नव्हे, आणि त्यातून संघाचाही काही लाभ होत नाही.

प्रशिक्षक बदलण्याची किंमत काय असते, याचा सर्वात बोलका दाखला महाराष्ट्रातच आहे. खालिद जमील २००९ पासून सात वर्षे मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. तुटपुंज्या साधनांत त्यांनी हा संघ दरवर्षी आय-लीगच्या वरच्या श्रेणीत टिकवला, पण त्यापलीकडे काही जिंकले नाही. २०१६ मध्ये क्लब आणि जमील वेगळे झाले. पुढच्या २०१६-१७ च्या हंगामात मुंबई एफसीने मध्येच आणखी एकदा प्रशिक्षक बदलला. संघ तळाला गेला आणि खालच्या श्रेणीत घसरला. त्याच हंगामात जमील यांनी ऐझॉलसारख्या छोट्या संघाला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले! केवळ टिकून राहणे ही मुंबईत कोणाला कामगिरी वाटली नव्हती. अर्थात जमील यांच्याकडेही जादूची कांडी नव्हती. ऐझॉलनंतर ते ईस्ट बंगालकडे गेले आणि एका हंगामातच तेथून बाहेर पडले. माणूस तोच, परंतु संघ, अपेक्षा आणि मिळालेला अवधी वेगळा.

राष्ट्रीय संघाची कथाही फारशी निराळी नाही. स्टीफन कॉन्स्टंटाइन यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत, २०१५ ते २०१९ या चार वर्षांत, भारत जागतिक क्रमवारीत १७३ वरून २०१७ मध्ये ९६ पर्यंत आला. इगोर स्टिमॅच यांना २०१९ मध्ये पटेल यांच्या कार्यकाळात आणले गेले आणि २०२३ मध्ये, कल्याण चौबे अध्यक्ष असताना, त्यांचा करार वाढवला गेला. आशिया चषकात तिन्ही सामने एकही गोल न करता हरल्यावर आणि विश्वचषक पात्रता फेरीत अपयश आल्यावर जून २०२४ मध्ये त्याच स्टिमॅच यांची हकालपट्टी झाली. भरपाईचा भुर्दंड महासंघावर पडला तो वेगळाच. नंतरचे मानोलो मार्केझ एकाच वेळी एफसी गोवाचेही प्रशिक्षक होते. आठ सामन्यांत एक विजय मिळवून ते जुलै २०२५ मध्ये गेले. ऑगस्टमध्ये जमील आले. चौदा महिन्यांत तीन प्रशिक्षक झाले, तरी ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावला सिंगापूरकडून हार पत्करून भारत २०२७ च्या आशिया चषकाच्या शर्यतीतून बाद झाला. त्या हंगामात तर आयएसएलच महिनोन्‌महिने रखडली होती. खेळाडूंना सामनेच नसतील, तर प्रशिक्षक कोणीही असो, त्याने काय करावे?

तरीही प्रशिक्षक कधीच बदलू नये, असे म्हणता येणार नाही. भारतात झालेल्या २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकापूर्वी, अवघे काही महिने उरले असताना, निकोलाय अ‍ॅडम यांना खेळाडूंच्या वागणुकीविषयीच्या तक्रारींनंतर जावे लागले. तेव्हा पटेलच अध्यक्ष होते आणि यजमानपद आणण्याचे श्रेयही त्यांना द्यावे लागेल. तो बदल योग्यच होता. मुले प्रशिक्षकाला घाबरून खेळत असतील तर निकालाची वाट पाहायची नसते. लुईस नॉर्टन डी मॅटोस यांच्या हाताखाली भारत अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिघांकडून हरला. पण हरल्यावर मॅटोस यांना लगेच निरोप दिला गेला नाही. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली यातील बरीच मुले ‘इंडियन अ‍ॅरोज’ म्हणून आय-लीग खेळली. कोलंबियाविरुद्ध गोल करणारा जॅक्सन सिंग पुढे वरिष्ठ संघात पोहोचला.

त्यामुळे गोंदियातील एखाद्या महाविद्यालयाने हा निर्णय घेताना गुणफलक बाजूला ठेवून मुलांशी बोलावे. सराव नियमित होतो का, गेल्या वर्षीची किती मुले यंदाही मैदानावर येतात, दुखापत झालेल्याला बळेच खेळवले जाते का, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. उत्तरे समाधानकारक असतील तर त्याच प्रशिक्षकाला किमान तीन वर्षे द्यावीत, म्हणजे प्रथम वर्षाला आलेली तुकडी पदवी घेईपर्यंत त्याच्याच हाताखाली राहील. मानधन दरवर्षी नव्या मंजुरीवर लटकत ठेवू नये. आणि भंडारा, गोंदियातील महाविद्यालयांनी आपसांत हिवाळी साखळी स्पर्धा घेतली, तर प्रत्येक संघाला आठ-दहा सामने मिळतील. धान कापून झाल्यावर डिसेंबर-जानेवारीत मैदाने कोरडी असतात, आणि त्या काळात फुटबॉलसाठी ती बहुधा रिकामीच पडून असतात.