‘आम्ही’ म्हणजे ‘आपण’ नव्हे

प्रथमपुरुषी अनेकवचनी निवेदनाची चर्चा मराठीत होते तेव्हा तिची परिभाषा बहुधा इंग्रजीतून येते. फॉकनरच्या ‘अ रोझ फॉर एमिली’ (१९३०) या कथेतील गावाचा ‘वी’ हा नमुना मानला जातो आणि मराठी संहिता त्या मापात बसवल्या जातात. परंतु इंग्रजी ‘वी’ किंवा फारसी ‘मा’ हे सर्वनाम श्रोता आत आहे की बाहेर, हे सांगत नाही. ते संदर्भावरून ताडावे लागते. मराठीत ती निवड बोलणाऱ्यालाच करावी लागते. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मालकाच्या भाषणात ‘आपण सारे एक कुटुंब’ असते आणि त्याच कारखान्यातील मागणीपत्रात ‘आम्ही’ असतो. हा भेद कामगाराला समजावून द्यावा लागत नाही. समीक्षकाला द्यावा लागतो.

बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ (१९८६) या आत्मकथनाचे शीर्षक ‘जिणं आपलं’ असे नाही. तरीही ‘समूहाचा आवाज’ म्हणून त्याचा गौरव करणारा समीक्षक नकळत त्या समूहात जाऊन बसतो. ज्या वाचकाला या सर्वनामाने उंबऱ्याबाहेर उभे केले, तोच आत येऊन सहवेदना व्यक्त करू लागतो! दुसरा समीक्षक यातला ‘मी’ कुठे हरवला म्हणून तक्रार करतो. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू पवार आणि दया पवार असा ‘मी’ दुभंगतो, ती निवेदनाची युक्ती ठरते. बाईने ‘मी’ मागे ठेवला की मात्र तो समाजशास्त्रीय दस्तऐवज होतो.

माया पंडित यांच्या इंग्रजी अनुवादाच्या (२००८) ‘द प्रिझन्स वी ब्रोक’ या शीर्षकात हा उंबरा दिसत नाही. हा दोष अनुवादिकेचा नव्हे, इंग्रजीत दुसरे सर्वनामच नाही. मराठी समीक्षकाला ही सबब सांगता येत नाही.

शिवाय हा ‘आम्ही’ एकजिनसी नाही. गावापुढे उभा असतो तेव्हा तो सबंध महारवाड्याचा असतो. सासूने सुनेचा केलेला अमानुष छळ सांगताना तो आतूनच चिरतो, आणि ‘आम्ही’मधलीच एक स्त्री दुसरीची वैरीण होते. पुढे शिकून स्थिरावलेल्या व समाजाला विसरलेल्या पिढीला लेखिका खडसावते, तेव्हा ती पिढी ‘आम्ही’त उरते की नाही, हा प्रश्न संहिता उघडाच ठेवते. सर्वनामाची ही सरकती सीमा प्रकरणागणिक तपासण्याचे काम अद्याप व्हायचे आहे.