व्हिंटेज गाडीला आवाजाची सूट नाही



जुन्या बुलेटच्या सायलेन्सरमधील बॅफल, म्हणजे आवाज अडवणारा आतला भाग, काढला की तिचा ‘मूळचा खर्ज’ परत येतो, हे आपल्या पुरवणीतील प्रतिपादन वस्तुस्थितीला धरून नाही. तो खर्ज ७० मिमी व्यासाच्या सिलिंडरात ९० मिमी धाव घेणाऱ्या एकट्या पिस्टनच्या संथ ठोक्यातून येतो. बॅफल काढल्याने वाढते ती धुळ्याच्या आग्रा रोडवर रात्री ऐकू येणारी कर्कश फटफट, आणि टू-स्ट्रोक येझदीची तर ओढही मंदावते. व्हिंटेजला आवाजाची सूट असल्याचा दावाही चुकीचा आहे, कारण २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी ५० वर्षांवरील, मूळ रूपात जपलेल्या गाडीलाच मिळते आणि तिच्या नियमित वापरास मनाई आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार ध्वनिमर्यादा मोडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही दुरुस्ती छापावी.

— एक वाचक, धुळे