विराट: आकाराआधीचे तेज

‘विराट’ या शब्दाचा आजच्या मराठीतला अर्थ ‘अतिशय मोठा’ एवढाच उरला असून सभा, मोर्चे आणि मेळावे यांचे ठरीव विशेषण म्हणून तो वापरला जातो. त्याच्या व्युत्पत्तीत मात्र आकारमानाचा उल्लेखच नाही. ‘राज्’ या संस्कृत धातूचे प्रकाशणे आणि सत्ता चालवणे असे दोन अर्थ आहेत, त्याला ‘वि’ हा उपसर्ग लागून ‘विराज्’ हे नाम बनते आणि प्रथमेच्या एकवचनात त्याच्या अंत्य ‘ज्’चा ‘ट्’ होतो. ‘सम्राज्’पासून सम्राट झाला तो याच नियमाने.

ऋग्वेदातील पुरुषसूक्तात पुरुषापासून विराज् आणि विराजापासून पुन्हा पुरुष जन्मतो. अथर्ववेदाच्या आठव्या कांडात तर विराज् स्त्रीरूप असून, देव, असुर, पितर आणि मनुष्य तिला गाईसारखे दोहून आपापल्या जीवनाचे साधन मिळवतात, आणि मनुष्यांच्या वाट्याला शेती व धान्य येते. विस्ताराची थोरवी तो किती जागा व्यापतो यावरून न मोजता किती जणांना पोसतो यावरून मोजणारी ही कल्पना आजच्या वापरातून पूर्ण निसटली, ही मराठीची मोठी हानी आहे. पुढे वेदान्ताने सर्व स्थूल देहांच्या समष्टीला, म्हणजे एकत्रित रूपाला, विराट म्हटले, आणि भव्यतेचा रूढ अर्थ बहुधा या वाटेने स्थिरावला.

या शब्दाला राजकीय इतिहासही आहे. ऐतरेय ब्राह्मणाच्या आठव्या पंचिकेत पूर्वेचे राजे साम्राज्यासाठी अभिषिक्त होऊन सम्राट म्हणवतात. हिमालयापलीकडच्या उत्तरकुरू व उत्तरमद्रांबाबत मात्र राजांचा नव्हे, तर जनपदांचा, म्हणजे तिथल्या लोकसमूहांचा, वैराज्यासाठी अभिषेक होतो आणि त्यांना विराट म्हटले जाते. काशीप्रसाद जयस्वाल यांनी १९२४ च्या ‘हिंदू पॉलिटी’ या ग्रंथात वैराज्याचा अर्थ राजाविना चालणारी राज्यव्यवस्था असा लावला. तो सर्वमान्य नसला, तरी मूळ पाठातला जनपदांचा उल्लेख पाहता सहज बाजूला सारण्याजोगाही नाही. महाराष्ट्रात आरतीनंतर म्हटल्या जाणाऱ्या मंत्रपुष्पांजलीत ‘वैराज्य’ हा शब्द ऐतरेय ब्राह्मणातूनच आला आहे, आणि गणेशोत्सवात ती मुलांकडून पाठ करून घेणाऱ्यांनी उच्चारांइतकीच काळजी या शब्दाच्या अर्थाचीही घ्यायला हवी.