गुमास्त्याच्या हातीं कोणतीं अवजारें द्यावीं ?

शेतकऱ्यास कृत्रिम बुद्धीच्या यंत्राकडून सल्ला मिळावा, असा उद्योग आतां सरकारी व खासगी अशा दोन्ही बाजूंनीं सुरू झाला आहे. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें जून २०२५ मध्यें 'महाॲग्री-एआय' हें धोरणच मंजूर केलें. त्याच्या गुणदोषांची चर्चा येथें करावयाची नाहीं. आमचा मुद्दा लहान आहे. परंतु तो आरंभींच ठरतो आणि एकदां ठरल्यावर त्याविषयीं कोणी विचारीत नाहीं. हें यंत्र माहिती कोठून आणतें, आणि ती आणण्याचा त्यास अधिकार किती ?

यंत्रास भाषा येते. आजचा कांद्याचा भाव त्यास ठाऊक नसतो. तो त्यास दुसऱ्या संगणकाकडे मागावा लागतो. असें मागण्याची जी ठराविक खिडकी, तिला 'एपीआय' म्हणतात. केंद्र सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर बाजारभावांची अशी एक खिडकी आहे. तींत बाजार, माल, जात, तारीख, तसेच किमान, कमाल व सर्वसाधारण दर मिळतात. यंत्र स्वतः खिडकीशीं जाऊन काम करूं लागलें म्हणजे त्यास 'एजंट' म्हणतात. आपल्या भाषेंत गुमास्ता.

या गुमास्त्यास कामास लावण्याच्या दोन रीती आहेत. सगळ्या दप्तराच्या किल्ल्या देऊन 'हवें तें विचार' म्हणावें, ही एक. जाणत्या माणसानें प्रश्न अगोदर लिहून, त्यांत मोजके रकाने रिकामे ठेवून, असा प्रत्येक प्रश्न एकेक अवजार म्हणून त्याच्या हातीं द्यावा, ही दुसरी. नोव्हेंबर २०२४ मध्यें ॲंथ्रोपिक या कंपनीनें 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नांवाची सामायिक पद्धत प्रसिद्ध केली. तेव्हांपासून कोणाचाही गुमास्ता कोणाच्याही दप्तरास जोडणें फार सोपें झालें आहे. म्हणूनच हा प्रश्न एकट्या अभियंत्यांवर सोंपवून चालणार नाहीं.

आम्ही दुसऱ्या रीतीच्या बाजूचे आहों. भावाचेंच उदाहरण घ्या. दप्तरांत लासलगाव, लासलगाव-निफाड आणि लासलगाव-विंचूर हे बाजार निरनिराळे नोंदलेले असतात. गुमास्त्यानें नांव आपल्या मनानें लिहिलें, तर एका बाजाराचा भाव दुसऱ्याच्या नांवावर खपेल. म्हणून बाजाराचा रकाना यादींतूनच निवडावयाचा असावा. दर क्विंटलचा आहे, हें अवजाराच्या वर्णनांत स्पष्ट लिहिलेलें असावें. किलोचा समजला गेला तर चूक शंभरपटीची. उत्तरांत तारीख यावी. आवक नसेल त्या दिवशीं 'नोंद नाहीं' एवढेंच यावें, कारण रिकामी जागा दिसली कीं हीं यंत्रें ती अंदाजानें भरूं पाहतात. आणि प्रथम सर्वसाधारण दर सांगावा. कमाल दर एखाद्याच वक्कलाला मिळालेला असतो. तो ऐकून टेम्पो भरणाऱ्याचें भाडें कोण देणार?

असें अवजार पुन्हां नव्यानें घडवावें लागत नाहीं. कुळव तोच, फास बदलावी, तसें निफाडच्या संस्थेनें तें कांद्यापुरतें बेतावें, सांगोल्याच्या संस्थेनें डाळिंबापुरतें.

यावर आक्षेप असा येतो कीं, बांधलेला गुमास्ता अनपेक्षित प्रश्नास उत्तर देऊं शकत नाहीं. खरें आहे. त्यानें तसें सांगावें. कोणते प्रश्न अनुत्तरित राहिले, हें टिपून ठेवलें म्हणजे पुढचें अवजार कोणतें हवें तेंही कळतें.

भावाच्या बाबतींत चूक झाली तर एका खेपेचें नुकसान. सातबारा, पीककर्ज, विमा यांचें तसें नाहीं. तेथें खातेदाराचा क्रमांक हा रकाना गुमास्त्याच्या हातीं मुळींच असूं नये. ज्या शेतकऱ्यानें स्वतःची ओळख पटवून प्रवेश केला, त्याचाच क्रमांक यंत्रणेनें भरावा. नाहीं तर शेजाऱ्याचा क्रमांक सांगून त्याचें कर्ज पाहणारा कोणीतरी निघेलच. कर्जाची बाकी विचारली असतां बँकेचें खातें व भ्रमणध्वनि उत्तरांत येण्याचें कारण नाहीं.

पाहण्याचीं आणि करण्याचीं अवजारेंही निराळीं ठेवावीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी चालू झाली, आणि शेतकरी आपलें पीक स्वतः नोंदवूं लागला. ती नोंद वाचून दाखविणें निराळें आणि ती बदलणें निराळें. नोंद बदलणें, अर्ज करणें, विक्रीस संमति देणें, यांपैकीं कांहींही त्या त्या वेळीं शेतकऱ्यास विचारून, त्याच्या होकारावांचून होतां कामा नये. सरसकट एकदांच घेतलेली संमति आम्ही संमति मानीत नाहीं.

यापुढें जी कंपनी वा खातें सभासदांच्या माहितीस आपला गुमास्ता जोडूं मागेल, तिच्याकडून आपल्या संस्थांनीं अवजारांची यादी मराठींत लिहून घ्यावी : प्रत्येकाचें नांव, वर्णन, गुमास्त्यानें भरावयाचे रकाने, परत येणारी माहिती, आणि तें वाचतें कीं लिहितें. ही यादी दहा-वीस ओळींची होईल. ती संचालक मंडळापुढें वाचली जाईपर्यंत जोडणीस परवानगी देऊं नये.