नोंद शेतकऱ्याची, उपयोगही त्याचाच

१५ ऑगस्ट २०२१पासून महाराष्ट्रातला शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतः करू लागला. बांधावर उभं राहून फोटो काढायचा, ॲपमध्ये गट नंबर आणि क्षेत्र भरायचं, की पीक सातबाऱ्यावर चढतं. पूर्वी हे काम तलाठ्याचं होतं. ई-पीक पाहणीच्या या ॲपने ते शेतकऱ्याच्या हाती दिलं, हे मोठंच पाऊल आहे.

पण रेंज नसलेल्या डोंगरपट्ट्यात फोटो चढत नाही. फोन मुलाकडे, मुलगा पुण्यात, शेतात आई एकटी, अशी घरं गावोगाव आहेत. नोंद राहिली तर नुकसानभरपाई आणि हमीभावाची खरेदी, दोन्ही अडतात. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, हेही सगळ्यांना ठाऊक नसतं.

आमचा खरा आग्रह मात्र वेगळा आहे. ही माहिती आज वर जाते. ती खाली कधी येणार? कोणत्या तालुक्यात कांद्याची किती लागवड झाली, हे नाशिकच्या शेतकऱ्याला रोपं लावायच्या आधी कळलं, तर तो आपलं क्षेत्र विचार करून ठरवेल. लासलगावच्या कांदा बाजारात भाव पडल्यावर आकडे कळून काय उपयोग? महसूल मंडळांतल्या हवामान केंद्रांच्या नोंदींचंही तेच. पाऊस किती झाला हे विमा कंपनीइतकंच शेतकऱ्यालाही सहज दिसलं पाहिजे.

कृषी विभागाने पेरणीचे तालुकावार आकडे हंगाम चालू असतानाच, दर आठवड्याला, मराठीतून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. येत्या खरिपापासूनच.