शिकलेला हात ओळखायचा कसा?

अलीकडे आपल्या अनेक वस्त्यांत मुलींसाठी कराटे आणि स्वसंरक्षणाचे वर्ग निघाले आहेत. कुठे विहाराच्या सभागृहात, कुठे शाळेच्या मैदानात. ही चांगलीच गोष्ट आहे. क्लास सुटल्यावर रात्री घरी येणाऱ्या मुलीच्या अंगात बळ आणि मनात धीर हवाच. पण शिकवणारा स्वतः किती शिकलेला आहे, हे आपण पाहतो का? कमरेचा काळा पट्टा आणि फुगलेले दंड पाहून आपण मुलगी त्याच्या हवाली करतो. आमचे म्हणणे असे की, आधी त्याचे अंग पाहायला शिकावे.

शिकलेला माणूस पायांवरून ओळखू येतो. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे जरा सैल. धक्का दिला तरी तोल जात नाही. हनुवटी थोडी खाली, हात छातीपुढे मोकळे, श्वास सुरू. नवखा माणूस श्वास कोंडतो, खांदे वर चढवतो आणि मूठ वळताना अंगठा आत घेतो. अशा मुठीने ठोसा मारला तर इजा आपल्याच अंगठ्याला होते.

दुसरी खूण पडण्याची. नवखा माणूस पडताना हात टेकतो. त्यात मनगट मोडू शकते. तयार माणूस हनुवटी छातीला लावून, पाठ गोल करून पडतो आणि डोके आपटू देत नाही. म्हणून मुलांना मारण्याआधी पडायला शिकवावे.

तिसरी खूण सर्वांत मोठी, ती म्हणजे संयम. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर महाडमध्ये आपल्या माणसांवर हल्ला झाला. आपल्यात सैन्यात नोकरी केलेले लोकही होते. त्यांच्याकडे ताकद होती आणि चीडही होती. तरी बाबासाहेबांनी शांत राहायला सांगताच त्यांनी हात आवरले. त्याला भित्रेपणा कोण म्हणेल? ज्याला आपले बळ ठाऊक असते, तोच ते आवरू शकतो. गल्लीत उगाच छाती काढून फिरणारा आणि मुलांवर हात उगारणारा शिक्षक कितीही पदके दाखवो, तो शिकलेला नाही.

वर्गात नाव घालण्यापूर्वी आई-वडिलांनी एक दिवस बसून पाहावे. आधी अंग मोकळे करून घेतात का? लहान मुलांच्या डोक्यावर मार बसू देत नाहीत ना? मुलींना धरून दाखवण्याआधी विचारतात का? तिथे एखादी बाई हजर असते का? पालकांना बसू देत नसतील, तर तो वर्ग सोडावा.

डोक्याला मार लागून उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर बाम चोळत न बसता लगेच दवाखाना गाठावा. त्या दिवशी पुन्हा सराव नाही.

आणि मुलींना एवढे जरूर सांगावे: चार दिवसांच्या शिबिराने कोणी तयार होत नाही. संकटात आधी ओरडणे, पळणे, ११२ नंबर लावणे, हात त्यानंतर. आपले पहिले शील जीव जपायला सांगते. त्यात आपला जीवही आला.