शाळेच्या फळ्यावरून : चिऊचे दार आणि आपले व्याकरण



मागच्या रविवारी शाळा सुटल्यावर चहाचे कप गोळा करताना दोन पालकांनी आम्हाला गाठले. म्हणणे असे, की "मुलं घरी मराठी बोलतात, तेवढं पुरे. हे व्याकरण आणि कथेचे घटक वगैरे कशाला? ती काय परीक्षेला बसणार आहेत?" प्रश्न रास्त आहे. आठवडाभर प्रयोगशाळेत काचेची भांडी हाताळणाऱ्यांनी रविवारी हा वर्ग घ्यावा, हीदेखील गंमतच. तरी उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. सुरुवात घरच्या फजितीपासून.

आमची आई गेल्या उन्हाळ्यात इकडे आली होती. एका शनिवारी सकाळी आमचे सात वर्षांचे चिरंजीव धावत तिच्याकडे गेले आणि ओरडले, "आजी, आम्ही पार्कला चाललोय!" आई स्वेटर घालून, पायात कॅनव्हासचे बूट चढवून तयार बसली होती. तिने "बरं, या जाऊन" म्हटले, बूट काढले आणि स्वेटर घडी करून ठेवला. इकडे चिरंजीव गाडीत बसून आजीची वाट पाहताहेत. दहा मिनिटांनी ते रडवेले होऊन आत आले. "आजीला माझ्याबरोबर यायचं नाही का?" आई म्हणाली, "अरे, तूच म्हणालास ना, तुम्ही चाललात म्हणून!"

चूक कोणाचीच नव्हती. इंग्रजीत 'वुई' एकच. मराठीत मात्र दोन आहेत. 'आम्ही' म्हणजे बोलणारा आणि त्याची मंडळी, ऐकणारा सोडून. 'आपण' म्हणजे ऐकणाऱ्यासकट सगळे. मुलाच्या मनात 'आपण' होते, तोंडातून 'आम्ही' निघाले आणि आजी घराबाहेर पडायची ती घरातच राहिली. मंडळी, हे व्याकरण आहे. परीक्षा नव्हती तरी कोणीतरी नापास झालेच.

हा भेद संस्कृतात नाही, तिथे 'वयम्' एकच. हिंदीतही 'हम' एकच. गुजरातीत मात्र 'अमे' आणि 'आपणे' आहेत, आणि तमिळ-तेलुगूतही असा भेद आहे. दक्षिणेच्या शेजारामुळे तो आपल्याकडे रुजला असावा, असे बरेच अभ्यासक मानतात. 'आपण' हा शब्द मुळात 'आत्मन्' या संस्कृत शब्दापासून आलेला. म्हणजे ज्याला 'आपण' म्हणायचे, त्याला स्वतःतच धरायचे! दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी मराठीचे व्याकरण 1836 साली छापले, मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 साली आले. जाडजूड ग्रंथ मुलांपुढे ठेवण्याची आमची हिंमत नाही. म्हणून आम्ही गोष्टीचा आधार घेतला, आणि तीही सर्वांच्या ओळखीची : चिऊ-काऊची.

गोष्ट तुम्हाला पाठ आहे. काऊचे घर शेणाचे, चिऊचे मेणाचे. मोठा पाऊस येतो, काऊचे घर वाहून जाते. तो भिजत चिऊच्या दाराशी येतो आणि दार उघड म्हणतो. आत चिऊ बाळाच्या एकेका कामात गुंतलेली, ती त्याला थांब म्हणत राहते. शेवट घरोघरी वेगळा. कुठे काऊला ऊब मिळते, कुठे चटका बसतो.

फळ्यावर आम्ही पाच शब्द लिहिले : पात्रे, स्थळ-काळ, कथानक, संघर्ष, निवेदन. पात्रे मुलांनी लगेच सांगितली. स्थळ-काळात एकीने "पाऊस" म्हटले आणि एकाने विचारले, "शेण म्हणजे काय?" इथे जन्मलेल्या मुलाला घर शेणाचे का असते आणि पावसात ते का वाहून जाते, हे सांगितल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. स्थळ-काळ म्हणजे मागे टांगलेला नाटकाचा पडदा नव्हे, हे त्यामुळे आपोआप कळले. घर शेणाचे नसते तर काऊ दाराशी आलाच नसता.

आमच्या धंद्यातले उदाहरण द्यायचे तर कथा हे मिश्रण नाही, संयुग आहे. वाळू आणि मीठ एकत्र केले तर पाण्यात मीठ विरघळवून, गाळून पुन्हा वेगळे करता येतात. पाण्यातला हायड्रोजन मात्र गाळून निघत नाही. तो काढला तर पाणी पाणी राहत नाही. गोष्टीतून पाऊस काढून पाहा.

मग संघर्ष. आम्ही विचारले, "चिऊ बोलताना बाळाला कोणाचं म्हणते?" उत्तर आले, "माझं." "आणि तिने 'आपलं घर, आपलं बाळ, ये आत' असं म्हटलं असतं तर?" वर्ग थोडा वेळ गप्प. दहा वर्षांची एक मुलगी म्हणाली, "मग गोष्टच संपली असती." शाबास! संघर्ष म्हणजे काय, हे याहून नेमके आम्हाला सांगता आले नसते. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "पण काऊ भिजला नसता." बोलणारा मुलगा दोन महिन्यांपूर्वी या गावात आला आहे आणि वर्गात फारसा बोलत नाही. फळ्यावर लिहायला आमच्याकडे काही उरले नव्हते. मधल्या सुटीत मुलीच त्याला खेळायला बोलावून घेऊन गेल्या. कोणता शब्द वापरून बोलावले, ते काही ऐकू आले नाही.

शेवटी निवेदन. घरच्या अभ्यासाला सांगितले, की तीच गोष्ट काऊच्या तोंडून लिहा. इथे व्याकरण पुन्हा दारात उभे राहते. 'काऊने दार वाजवले' याचे 'मी दार वाजवले' होते, म्हणजे 'ने' गळतो, क्रियापद मात्र दाराचेच ऐकते. 'काऊ भिजला' याचे 'मी भिजलो' होते आणि मुलगी सांगत असेल तर 'मी भिजले'. आपली मुले सर्रास 'मी पोळी खाल्लो' म्हणतात. त्यांना एवढेच सांगा, की झालेल्या गोष्टीत कर्म असेल तर क्रियापद बहुधा कर्माकडे पाहते : लाडू खाल्ला, पोळी खाल्ली, केळे खाल्ले, मग खाणारा मुलगा असो वा मुलगी. कर्म नसेल तर ते कर्त्याकडे पाहते : मी आलो, मी आले. अपवाद आहेतच. 'शिकणे' आणि 'विसरणे' कर्म असूनही कर्त्याकडेच पाहतात : मी धडा शिकलो, मी धडा विसरलो. आमच्या वर्गात ही दोन क्रियापदे सारख्याच प्रमाणात वापरली जातात, त्यामुळे सराव भरपूर होतो.

घरी करण्यासारखे तीन उद्योग :

1. झोपताना कोणतीही गोष्ट सांगा आणि मुलांना ती दुसऱ्या पात्राच्या तोंडून सांगायला लावा.

2. जेवताना ताटातल्या प्रत्येक पदार्थाला 'खाल्ला, खाल्ली, खाल्ले' लावा. भाजी संपते, असा आमचा अनुभव आहे.

3. भारतात फोन करताना मुलांकडून एक वाक्य 'आपण'ने सुरू करून घ्या. 'आम्ही इंडियाला येणार' ही बातमी झाली. 'आपण भेटणार' यात आजी-आजोबाही आले.

आमच्या घरी आता शनिवारी चिरंजीव फोनवर आजीला विचारतात, "आजी, आपण पार्कला कधी जायचं?" ती तिकडून सांगते, "बूट घालूनच ठेवलेत, बाबा."

पुढच्या अंकात सामान्यरूप : 'कावळा' दाराशी आला की 'कावळ्याने' कसा होतो, ते. काऊची गोष्ट ज्यांनी लिहिली असेल त्यांनी वह्या रविवारी आणाव्यात. या सदरात स्वतःला 'आम्ही' म्हणण्याची आमची सवय आहे, ती छापील पानापुरती समजावी. रविवारी आपण भेटूच.

लोभ असावा.